पहिले तीन उन्हाळे

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन मैलांत एकशे बेचाळीस झाडं होती. हिंगोलीहून कळमनुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे मैल कामगार होते. 1961 साली लागले आणि 1989 साली निवृत्त झाले. मी दुसरीत गेलो तेव्हापासून दर महिन्याच्या एका रविवारी ते मला झाडांच्या मोजणीला नेत. त्यांना अक्षर येत नव्हतं, अंकही येत नव्हते. बुंध्यावर डांबरानं घातलेला आकडा मी वाचायचा आणि त्यांनी झाडाची हकीकत सांगायची.

"सत्तावीस," मी म्हणायचो.

"चिंच. गोडूस हाय. दुष्काळाच्या आधीपासून धरती."

"अठ्ठावीस."

"लिंब. ह्याला वाळवी लागली व्हती. आता बरा हाय."

अशी एकशे बेचाळीस झाडं त्यांच्या तोंडी होती. पुढं मी शिक्षक झालो आणि बत्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला. लढाया शिकवल्या, तह शिकवले, सनावळ्या पाठ करून घेतल्या. अशोकानं रस्त्याच्या कडेनं झाडं लावली, हे वाक्य तर दर वर्षी फळ्यावर लिहिलं. पण त्या झाडांना पाणी कोणी घातलं, हा प्रश्न मीही विचारला नाही आणि कुठल्या मुलानंही विचारला नाही. निवृत्त झाल्यावर तो प्रश्न माझ्यामागं लागला. हा लेख त्याच प्रश्नापोटी लिहितो आहे. माझं गाव हिंगोली, म्हणून हिंगोलीपासूनच सुरुवात करतो.

आपल्या गावांत बगीचा हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी पार होता. वडाला किंवा पिंपळाला दगडांचा गोल चौथरा बांधायचा, मधे माती, वर सावली. गावातली बैठक तिथं, न्यायनिवाडा तिथं, रात्री भजन तिथं. पार म्हणजे गावाचं उद्यान होतं आणि त्याची देखभाल धर्मानं बांधून दिली होती. पिंपळ लावणाऱ्यानं त्याला वाढवायचा, तो काही वर्षांचा झाला की त्याची मुंज करायची आणि मग पार बांधायचा. माझ्या आजोळी अशी एक मुंज मी पाहिली आहे. पिंपळाला हळद लागली, जानवं घातलं, गावजेवण झालं. लहानपणी मला तो नुसता सोहळा वाटला. आज त्यातली व्यवस्था दिसते. मुंज करायची तर पिंपळ जगलेला पाहिजे, म्हणजे लावणाऱ्यानं आधीची सगळी वर्षं त्याला पाणी घातलेलं पाहिजे, शेळीपासून राखलेलं पाहिजे. गावजेवणाचा मान रोप लावल्याच्या दिवशी मिळत नव्हता. झाड जगवल्यावर मिळत होता.

हिंगोलीला दुसरी व्यवस्था आली ती फौजेबरोबर. आमच्या शहरातल्या वस्त्यांची नावं आजही ती गोष्ट सांगतात: पलटन, रिसाला, तोपखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. पायदळ राहायचं ते पलटन, घोडदळ ते रिसाला, तोफा असायच्या तो तोपखाना, आणि नोकरी संपलेले शिपाई घरं बांधून राहिले तो पेन्शनपुरा. आमचं घर पेन्शनपुऱ्यातच. 1819 च्या जानेवारीत निजामाच्या चाकरीतल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेनं हटकर नाईक नोवसाजी यांच्या नव्हा गढीला वेढा घातला. जानेवारीअखेर गढी पडली. वऱ्हाडच्या सीमेलगतचा हा मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी त्याच काळात हिंगोलीला छावणी पडली. पुढं 1853 च्या तहानंतर या फौजेला हैदराबाद कंटिन्जंट म्हणू लागले. 1903 साली ही फौज इंग्रजांच्या हिंदुस्थानी सैन्यात मिसळली आणि छावणी उठली. सुमारे 84 वर्षं ती इथं होती.

छावणी म्हटली की सरळ रस्ते आले, आणि सरळ रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा आल्या. मराठवाड्याच्या उन्हात कवायत करणाऱ्या माणसांना आणि घोड्यांना सावली ही चैन नव्हती, ती शिधा-दाण्याइतकीच गरजेची होती. त्या काळच्या छावण्यांत भिस्ती पखालीनं पाणी वाहत. माणसांना पाजत, घोड्यांना पाजत, रस्त्यावर सडा टाकत आणि रोपांनाही घालत. हुकूम सुटत असे आणि हुकमाची तामिली झाली की नाही हे पाहणारा अधिकारी रोज सकाळी घोड्यावरून त्याच रस्त्यानं जात असे. फौज परक्यांच्या हुकमतीखालची होती, तिनं इथल्या माणसांवर बंदुका चालवल्या, हे विसरायचं कारण नाही. पण रोप कोणाच्या तरी हवाली असलं की जगतं, ही गोष्ट तिथंही खरी होती. छावणी गेली, पखाली गेल्या. आमच्या गल्लीच्या तोंडावरचा जुना लिंब मात्र माझ्या लहानपणी दोघांच्या कवेत मावत नव्हता. तो कोणी लावला हे आमच्या आजीलाही सांगता येत नसे. ती फक्त म्हणायची, "मी लगीन होऊन आले तवा बी एवढाच व्हता."

फौजेच्या रस्त्यावरून पुढं कापूस धावला. 1860 च्या दशकात अकोल्याला रेल्वे आली आणि हिंगोलीच्या बाजारातला कापूस बैलगाड्यांनी अकोल्याच्या स्टेशनाकडं जाऊ लागला. हा रस्ता शंभर किलोमीटरहून जास्त लांबीचा. भरलेल्या गाड्यांना मुक्काम करत करत जावं लागे. बैल उन्हात बसत नाही. त्याला दुपारी सोडायचं तर झाड पाहिजे, झाडाजवळ पाणी पाहिजे. गाडीवानांचे मुक्काम गावांच्या नावांनी जितके ओळखले जात, तितकेच झाडांच्या नावांनी. वडाचा मुक्काम, चिंचेचा मुक्काम. अशोकाच्या स्तंभलेखात रस्त्यावर वड लावले ते पशूंना आणि माणसांना सावली व्हावी म्हणून, असं म्हटलं आहे, आणि त्यात पशूंचा उल्लेख आधी आहे. वर्गात शिकवताना मी ते उलट सांगत आलो. ज्यानं बैल हाकला आहे त्याला तो क्रम लगेच कळेल.

झाडं तोडणं हीसुद्धा आमच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. 1947-48 साली हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातल्या लोकांनी शिंदीची झाडं तोडली. निजाम सरकारला आबकारीतून मोठं उत्पन्न मिळे, आणि शिंदी हा त्या उत्पन्नाचा एक झरा. कुऱ्हाड घेऊन रात्री निघायचं, सकाळी शेकडो झाडं आडवी. जंगल सत्याग्रह झाला, करोडगिरीचे नाके जाळले गेले, लेव्हीला विरोध झाला, तशीच ही शिंदीची तोड. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. आबा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. त्यांनीही कुऱ्हाड चालवली होती. ते ही गोष्ट अभिमानानं सांगत, पण शेवटी दर वेळी म्हणत, "ते झाड सरकारचं व्हतं म्हणून तोडलं. आता सरकार आपलं, मग झाड बी आपलंच." स्वातंत्र्य म्हणजे काय, हे मला याहून सोप्या शब्दांत कोणी सांगितलेलं नाही. तेरा वर्षांनी तोच हात त्याच मुलखात झाडांना पाणी घालायला लागला.

मैल कामगार हे पद आता नव्या पिढीला माहीत नाही, म्हणून ते सविस्तर सांगतो. रस्ता मैलांत वाटलेला असे. प्रत्येक तुकड्यावर एक माणूस. त्याच्यावर मुकादम, मुकादमावर ओव्हरसियर. देशात किलोमीटर आले, दगडांवरचे आकडे बदलले, पण मैल कामगार हे नाव टिकून राहिलं. खाकी कपडे, फावडं, टिकाव, घमेलं, कुऱ्हाड, विळा आणि एक लाल झेंडी एवढं त्याचं सामान. खड्डा बुजवणं, बाजूपट्टीचं गवत काढणं, मोरीतला गाळ उपसणं ही त्याची कामं, आणि त्यातच झाडं. एका माणसाची एकशे बेचाळीस झाडं. झाड मेलं तर जाब कोणाला विचारायचा हे मुकादमाला माहीत असे, आणि गावालाही माहीत असे.

आबांचं वर्ष असं चालायचं. वैशाखात खड्डे घ्यायचे. आमची जमीन काळी. पावसात चिखल धरून मुळं कुजवते आणि उन्हाळ्यात तिला बोट-बोट रुंदीच्या भेगा पडतात. त्या भेगा कोवळी मुळं तोडतात. म्हणून दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्यायचा, महिनाभर उन्हात तापू द्यायचा. मग काळ्या मातीत मुरूम आणि शेणखत मिसळून तो भरायचा. मृगाचे दोन पाऊस चांगले झाले की रोप लावायचं. रोप कमरेएवढं पाहिजे. वीतभर रोपाला गवतच खाऊन टाकतं, असं ते म्हणत. लावल्याबरोबर बाभळीच्या काट्यांचं कुंपण. लोखंडी जाळी त्यांना क्वचितच मिळाली. काटे मात्र फुकट होते.

दिवाळीनंतर खरी नोकरी सुरू व्हायची. माघापासून मृगापर्यंत चार दिवसांआड प्रत्येक कोवळ्या झाडाला दोन घागरी. पाणी जवळच्या विहिरीवरून कावडीनं. विहीर लांब असेल तर खात्याची गाडी पत्र्याचं टिपाड भरून यायची, पण गाडीचा भरवसा नसायचा. म्हणून आबांनी बहुतेक रोपांशेजारी एक एक फुटकं मडकं गळ्यापर्यंत पुरलं होतं. त्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधीची वात. मडकं भरून वर फरशीचा तुकडा ठेवला की पाणी मुळाशी थेंब थेंब पाझरायचं. वरून ओतलेलं अर्धं पाणी ऊन पिऊन टाकतं, मडक्यातलं सगळं झाड पितं. मी एकदा घाईघाईनं आळ्यात घागर रिकामी केली, तर ते म्हणाले, "पाणी घालायलास का नुसती माती भिजवायलास?" तेव्हापासून मी बसून पाणी घालतो.

आळ्यात तुराट्या आणि पाचट अंथरायचं, म्हणजे ओल टिकते. वर्षातून एकदा बुंध्याला खाली गेरू आणि वर चुन्याचा पट्टा द्यायचा. त्यानं वाळवीला आळा बसतो आणि रात्री गाडीवानाला रस्त्याची कड दिसते. पावसाळ्याआधी वाळलेल्या फांद्या काढायच्या, रस्त्यावर झुकलेली फांदी खांद्यापासून सपाट कापायची, फाटू द्यायची नाही. चिंचेचा आणि आंब्याचा दर वर्षी लिलाव व्हायचा. लिलाव घेणारा झाडाला फार बडवू लागला की आबा तिथं जाऊन उभे राहत. काही बोलत नसत. उभे राहत एवढंच.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "पहिले तीन उन्हाळे आपले, मग झाड त्याचं त्याचं." तीन उन्हाळ्यांत मुळं खालच्या ओलीपर्यंत पोचतात. त्यानंतर माणसानं फक्त त्याला त्रास द्यायचा नाही.

त्रास देणारेही होतेच. रस्त्याकडेच्या झाडाची सावली शेतात पडते, धुऱ्यालगतची पाच-सहा तासं पिकत नाहीत. गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते नुकसान खरं आहे. मग कोणी रात्री बुंध्याची साल गोल काढून घ्यायचं, कोणी पराटी जाळताना मुद्दाम बुडाशी जाळ करायचं. हळद शिजवायला जळण लागतं, तेव्हाही कुऱ्हाडी रस्त्याकडं वळायच्या. आबा तक्रार करायला कमी जात आणि बांधावर जास्त जात. लिंबाचा पाला कोठीत घालायला घेऊन जा, फांदी मी तोडून देतो, पण बुडाला हात लावू नको, असा त्यांचा तोडगा असे. बहुतेक वेळा तो चालला.

1972 च्या दुष्काळात मात्र कसोटी लागली. मी नऊ वर्षांचा होतो. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. आई, जिला आम्ही माय म्हणायचो, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. त्या उन्हाळ्यात जनावरांना वैरण राहिली नाही. एके दिवशी शेजारच्या गावातले आठ-दहा जण कोयते घेऊन वडाखाली आले. आबांच्या मैलांतला सगळ्यात मोठा वड, नंबर एकशे तीन. त्यांची जनावरं मरायला टेकली होती आणि वडाचा पाला हिरवा होता. आबा बुंध्याला पाठ लावून उभे राहिले. त्या माणसांत त्यांचा मावसभाऊही होता. मला वाटलं आता मारामारी होणार. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "औंदा उगवतीच्या अंगाच्या फांद्या घ्या. मावळतीच्या ठिवा. आन पारंब्यांला हात लावायचा न्हाई." आणि स्वतः झाडावर चढले. कुठली फांदी घ्यायची हे तेच दाखवत होते. वर चढून त्यांनी जो पाला खाली टाकला, तो नियमात बसत नव्हता. त्यासाठी त्यांना बोलणी खावी लागली. पण जनावरं जगली आणि वडही जगला. दोन पावसाळ्यांनी उगवतीची बाजू पुन्हा भरून आली. झाड सांभाळणं म्हणजे नुसतं झाडाभोवती काटे लावणं नव्हे, झाडाखालच्या माणसांशी बोलणं आहे, हे मी त्या दिवशी पाहिलं.

देशाच्या पातळीवर वृक्षलागवडीचा सोहळा 1950 साली सुरू झाला. कन्हैयालाल मुन्शी तेव्हा केंद्रीय मंत्री होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यातला वनमहोत्सव त्यांनी सुरू केला. महाराष्ट्रात 1982 साली सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाला. रोजगार हमीवर रोपवाटिका निघाल्या, रस्त्यांच्या कडेला लाखो रोपं लागली. हेतू चांगला होता आणि दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळालं, याचं मोल मी कमी लेखत नाही. पण तेव्हा घाई होती. लवकर वाढणारं, कमी पाण्यावर येणारं झाड पाहिजे होतं. सुबाभूळ आली, निलगिरी आली, गिरीपुष्प आलं. शहरांत गुलमोहर आधीच होता. तो मूळचा मादागास्करचा. फुलतो तेव्हा डोळ्यांचं पारणं फेडतो, पण त्याची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. वळवाच्या पहिल्या वादळात रस्त्यावर आडवा पडलेला असतो तो बहुतेक वेळा गुलमोहरच. लिंब, चिंच, वड, करंज, जांभूळ ही झाडं सावकाश वाढतात, पण आमच्या मातीला आणि आमच्या वाऱ्याला ती ओळखतात.

याच काळात मैल कामगार कमी होत गेले. माणूस निवृत्त झाला की जागा भरली जात नव्हती. कामं कंत्राटानं होऊ लागली. कंत्राटात रोपांची संख्या लिहिता येते, खड्ड्याचं माप लिहिता येतं, पाण्याच्या फेऱ्याही लिहिता येतात. एकशे तीन नंबरच्या वडाची हकीकत लिहिता येत नाही. आबांच्या जागी कोणी आलं नाही. निवृत्तीनंतरही ते दोन-तीन उन्हाळे स्वतः कावड घेऊन जात राहिले. शेवटी लावलेली नऊ रोपं तीन उन्हाळ्यांची व्हायची होती, म्हणून.

कायदा आपल्याकडं नाही असं नाही. शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रानं 1975 सालीच कायदा केला. त्यानं महापालिका आणि नगर परिषदांच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरण आणलं, झाडांची गणना आणली, परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा ठरवलं. झाड तोडायचं तर त्या झाडावर नोटीस लावावी लागते, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला हरकत घेता यावी. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं. तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची आणि ती सात वर्षं सांभाळायची, असंही त्यात आलं. हे वाचलं तेव्हा मला आबांची आठवण झाली. ते तीन उन्हाळे म्हणत, कायदा सात वर्षं म्हणतो. दोघांचं म्हणणं एकच आहे: लावणं हा कामाचा पहिला दिवस आहे, शेवटचा नव्हे.

2016 पासून राज्यात मोठी मोहीम झाली. पहिल्या वर्षी 2 कोटी, मग 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 साली 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट. माझ्या वर्गातली मुलंही त्यात होती, मीही होतो. आम्ही शाळेसमोर चाळीस रोपं लावली. मुलांचा उत्साह पाहून मन भरून आलं होतं. पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद, मुलं गावाला आणि मी एकटा. मला सहा रोपांनाच पाणी पोचवता आलं. त्यातली पाच जगली. बाकीची पस्तीस मेली, आणि ती मी नियोजन न केल्यामुळं मेली. मैल कामगाराच्या मुलाला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी मी उलट केलं. आधी सुट्टीतल्या पाण्याची पाळी ठरवली, जवळ राहणाऱ्या दहा मुलांना एकेक झाड नावानं दिलं, आणि मग दहाच खड्डे घेतले. त्यातली नऊ झाडं आज पहिल्या मजल्याच्या वर गेली आहेत.

शहरातल्या झाडाला पाण्याशिवाय आणखी तीन शत्रू आहेत. पहिला काँक्रीट. रस्ता करताना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं की मुळांना ना पाणी मिळत, ना हवा. झाड लगेच मरत नाही, पाच-सात वर्षं वाळत राहतं आणि मग वाऱ्यानं पडतं. लोक म्हणतात वादळानं पडलं. 2013 साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या दारासमोर तेवढं करायला कोणाच्या निकालाची गरज नाही, एक पहार आणि एक सकाळ पुरते. दुसरा शत्रू तारा. तारेखाली उंच वाढणारं झाड लावायचं आणि मग दर वर्षी त्याची एकच बाजू छाटायची, म्हणजे ते झुकतं आणि एक दिवस त्याच बाजूला पडतं. तारेखाली कांचन, बहावा अशी बेतानं वाढणारी झाडं लावली तर हा प्रश्नच उरत नाही. तिसरा शत्रू खिळा. पाटी ठोकायला, दिव्यांच्या माळा बांधायला आपण सहज खिळा मारतो. त्या भोकातून बुरशी आत जाते.

खिळ्यावरून मायनं सांगितलेली एक गोष्ट आठवते. आमच्या जिल्ह्यात कयाधूकाठी नरसी आहे, संत नामदेवांचं गाव. नामदेव लहान असताना त्याच्या आईनं, गोणाईनं, त्याला औषधासाठी झाडाची साल आणायला पाठवलं. साल काढताना आतून ओल दिसली तसा पोर थबकला. घरी आला तर पायातून रक्त वाहत होतं. आईनं विचारलं तर म्हणाला, झाडाला दुखतं का ते पाहायला मी माझी साल काढून पाहिली. ही गोष्ट घडली की नाही हे इतिहासाच्या पुस्तकात नाही. पण नरसीच्या वाटेवरची आई ती आपल्या लेकराला सांगते, हा आमच्या जिल्ह्याचा इतिहासच आहे.

रस्ता पुढं रुंद झाला. अकोला-वाशीमकडून हिंगोली-कळमनुरीमार्गे नांदेडकडं जाणारा हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग 161 आहे. रस्ता रुंद होणं गरजेचं होतं. रुग्णवाहिका लवकर पोचते, शेतमाल लवकर पोचतो. पण ज्या दिवशी एकशे तीन नंबरचा वड पडला, त्या दिवशी मी आबांना तिकडं नेलं नाही. ते तेव्हा फार थकले होते. संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "वड गेला का?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "पारंबी लाव." दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्या वडाच्या तीन जाड फांद्या आणल्या. वडाची फांदी लावली तर फुटते. दोन वाळल्या, एक फुटली. ती जलेश्वर तलावाच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाच्या मोकळ्या जागेत लावली. तिचे तीन उन्हाळे मी काढले. आता तिला पारंब्या सुटल्या आहेत.

हिंगोलीचा दसरा दीडशेहून अधिक वर्षांचा आहे. रामलीला मैदानावर दूरदूरहून लोक येतात. त्या दिवशी आपण सोनं म्हणून आपट्याची पानं वाटतो, आणि त्यासाठी आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडतो. कित्येकदा तर आपटा समजून कांचनच तोडतो. माझी वाचकांना विनंती आहे. या दसऱ्याला पानांची जुडी विकत न घेता आपट्याचं एक रोप आणा. दारासमोर किंवा गल्लीच्या तोंडाला जागा बघा. खड्ड्यात मुरूम आणि शेणखत घाला, शेजारी एक मडकं पुरा, आणि घरातल्या एका माणसाच्या नावावर ते झाड करा. घरचं सोनं मग दर दसऱ्याला घरीच मिळेल, आणि दोन पानं घेतली तर झाडालाही कळणार नाही.

आबांच्या एकशे बेचाळीसपैकी आज सात झाडं उभी आहेत. रस्ता सरळ करताना जुनं वळण बाजूला पडलं, तिथली ती आहेत: चार लिंब, दोन चिंचा आणि एक जांभूळ. बुंध्यावरचे आकडे पुसले गेले आहेत. मी दर महिन्याच्या एका रविवारी जातो आणि नातीला सोबत नेतो. आकडा मी सांगतो, झाडाचं नाव ती सांगते.